पुन्हा बाजारात आलेलं जुनं पाईप मिश्रण कसं पारखायचं

बंद पडलेलं एखादं नावाजलेलं पाईप तंबाखूचं मिश्रण पुन्हा बाजारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुन्यासारखं आहे का? नवख्याने इथून सुरुवात करू नये. जुन्या आणि नव्या डबीतला फरक तीन ठिकाणांहून येतो: पानातून, पानाच्या वयातून आणि ओढणाऱ्याच्या हातातून. ओलसर तंबाखू घाईने ओढून जीभ पोळली, तर तो दोष मिश्रणाचा नाही, पण शिव्या मिश्रणालाच बसतात. म्हणून आधी हात सुधारायचा, मग मिश्रण एकटं पारखायचं आणि तुलना सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. हा लेख पाईप आधीपासून ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो ओढत नाही त्याने पारख शिकण्यासाठी सुरुवात करण्याचं काहीच कारण नाही. पाईपचा धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं आणि ओठ, तोंड, घसा, फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. बंद खोलीत, लहान मुलांजवळ आणि सार्वजनिक जागी ओढायचं नाही. पारखीला तंबाखू थोडाच लागतो, तो थोडाच वापरावा.

कोणतं मिश्रण, कुणी आणलं

उदाहरणासाठी बाल्कन सोब्रानी घेऊ. सोब्रानी हे लंडनचं घराणं, 1879 मध्ये रेडस्टोन कुटुंबाने सुरू केलेलं. त्यांच्या पाईप मिश्रणात तीन मुख्य पानं: व्हर्जिनिया (गोडसर पान), लटाकिया (धुरावून काळं केलेलं पान) आणि येनिजे नावाचं ओरिएंटल, म्हणजे ग्रीस-तुर्कस्तानकडचं छोटं, सुगंधी पान. पुढे उत्पादन गॅलहर कंपनीकडे गेलं आणि अखेर थांबलं. 2011 मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात पुन्हा आलं, पण बनवणारे वेगळे होते: चॅनेल बेटांपैकी जर्सी इथली जे. एफ. जर्मेन अँड सन.

पुनरागमनाचा दुसरा प्रकार म्हणजे डनहिलचं माय मिक्श्चर 965. आल्फ्रेड डनहिलने 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडलं. तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण बांधून त्याची कृती क्रमांकासह वहीत नोंदवली जाई. हे उत्पादन 1981 मध्ये बेलफास्टच्या मरेज कारखान्यात गेलं, नंतर डेन्मार्कला, आणि डनहिलच्या नावाने तंबाखू येणं थांबल्यावर तेच मिश्रण पीटरसनच्या नावाने मिळू लागलं. म्हणजे एकात नाव जुनं आणि हात नवे, तर दुसऱ्यात नाव नवं आणि हात बरेचसे तेच. डबी उघडण्याआधी आपल्या हातात यातलं काय आहे हे माहीत हवं, कारण फरक कुठे शोधायचा ते त्यावर ठरतं. हात बदलले असतील तर पानांचं प्रमाण, कापणी आणि दाब यांकडे आधी पाहायचं. फक्त नाव बदललं असेल, तर वाटणारा फरक बहुतेक वेळा वयाचा किंवा ओलाव्याचा निघतो.

डबी उघडताना

नेहमीची डबी 50 ग्रॅमची असते. बुडाशी किंवा बाजूला तारीख किंवा बॅचचा क्रमांक पाहा आणि लिहून ठेवा. कडा गंजलेल्या आहेत का, झाकण फुगलंय का, हेही पाहा. थोडं फुगलेलं झाकण बहुधा आतल्या आंबण्याच्या वायूने असतं, त्याने घाबरू नये. पण आतून गंज पडून पान काळं-चिकट झालं असेल तर तो भाग टाकून द्यावा. निर्वात डबी उघडताना ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर सील आधीच गेलंय आणि पान वाळलेलं असण्याची शक्यता मोठी.

उघडल्या उघडल्या नाक खुपसू नका. पहिल्या मिनिटात कोंडलेला आंबट वास येतो, व्हिनेगरसारखा. तो व्हर्जिनियाच्या आंबण्याचा असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. त्यानंतर छोटा श्वास घेऊन वास घ्या, डबी दूर करा, मोकळ्या हवेत दोन श्वास घ्या, मग पुन्हा. लटाकियाचा धुरकट वास नाकाला फार लवकर सवयीचा होतो. सलग तीन-चार मिनिटं हुंगत राहिलात, तर ‘यात लटाकिया कमीच आहे’ असं खुशाल लिहून बसाल.

पृष्ठभागावर पांढुरकं काही दिसलं तर भिंगाखाली धरा. बारीक, चमकणारे स्फटिक असतील तर मुरलेल्या पानावर ते येतात, चिंता नाही. कापसाच्या तंतूंसारखं, पान हललं की मागे ताणलं जाणारं काही असेल आणि पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेल्या चादरीसारखा कुबट वास येत असेल, तर ती बुरशी आहे. अशी डबी पूर्ण टाका. बुरशी बाजूला काढून उरलेलं ओढायचं, असं करू नये.

एक ग्रॅम कागदावर

0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. एक ग्रॅम मिश्रण पांढऱ्या कागदावर पसरा आणि चिमट्याने रंगांप्रमाणे ढीग करा. अर्धा तास जातो, पण डबीवरची वर्णनं वाचून जे कळत नाही ते यातून कळतं.

काळे, जवळजवळ कोळशाच्या रंगाचे तुकडे लटाकियाचे. पिवळ्या-नारिंगीपासून विटकरीपर्यंतचे व्हर्जिनियाचे. बारीक, हिरवट-तपकिरी, थोडे ठिसूळ तुकडे ओरिएंटलचे. ही पानं मुळातच लहान असतात, त्यामुळे तुकडेही छोटे पडतात. प्रत्येक ढीग तोला. आकडे ढोबळ येतील, कारण काही गडद व्हर्जिनिया आणि काळी कॅव्हेंडिश (वाफवून, दाबून काळा आणि गोडसर केलेला तंबाखू) लटाकियासारखी दिसते. शंका आली तर तुकडा बोटावर चोळून हुंगा: लटाकियाला धूर येतो, कॅव्हेंडिशला गोडसर काकवीसारखा वास येतो.

ही पानं कुठून येतात हे इथेच समजून घेतलेलं बरं. येनिजे हे उत्तर ग्रीसमधल्या झांथी भागाचं छोटं, सुगंधी, उन्हात वाळवलेलं पान. लटाकियाला नाव मिळालं सिरियाच्या लटाकिया बंदरावरून. हे पान आधी उन्हात वाळतं आणि मग कित्येक आठवडे झुडपांच्या आणि लाकडाच्या धुरात टांगलं जातं. काळा रंग आणि वास त्या धुराचाच. जुन्या ब्रिटिश मिश्रणांत सिरियन लटाकिया असे, आज बाजारात प्रामुख्याने सायप्रसच्या पद्धतीचा मिळतो. दोन्हींचं बियाणं वेगळं आणि धुरासाठी जाळायची झुडपंही वेगळी. सिरियनचा स्वाद वाइनसारखा आंबट-तीक्ष्ण आणि सुटसुटीत, तर सायप्रसचा गोडसर, तेलकट, चामड्याकडे झुकणारा. म्हणजे उत्तम कारागिराने कृती काटेकोर पाळली तरी मूळ पानच बदललेलं असतं. हा फरक नव्या बनवणाऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

ओलावा: निम्मी पारख इथेच बिघडते

कारखान्यातून पान थोडं जास्त ओलं येतं, म्हणजे ते वाटेत चुरत नाही. ओढण्यासाठी ते त्याहून कोरडं हवं. डबीतलं पान साधारण 18 टक्के ओलाव्याचं धरलं आणि ते 13 टक्क्यांवर आणायचं असेल, तर हिशोब सोपा आहे: 5 ग्रॅममध्ये कोरडा भाग 4.1 ग्रॅम, तो 87 टक्के व्हायला एकूण वजन 4.7 ग्रॅम व्हायला हवं. म्हणून 5 ग्रॅम पान ताटलीत पसरा आणि काटा 4.7 दाखवेपर्यंत थांबा. दर दहा मिनिटांनी तोला.

काटा नसेल तर चिमटीची परीक्षा. चिमूटभर पान अंगठा आणि तर्जनीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. कुरकुरलं किंवा भुगा झाला तर फार वाळलं. हळूहळू, एखाद्या स्पंजसारखं उघडलं तर बरोबर. बोटांना गारवा लागत असेल तरी अजून थांबा.

किती वेळ लागेल हे हवेवर आहे. नागपूरच्या एप्रिलमध्ये दहा-पंधरा मिनिटांत पान तयार होतं, आणि विसरलात तर तासाभरात भुगा. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात गोष्ट उलटी: हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असताना ताटलीतलं पान वाळायच्या ऐवजी पाणी ओढून घेतं. तेव्हा एसी चालू असलेल्या खोलीत पंख्यापासून थोडं दूर ठेवा. मायक्रोवेव्ह, तवा, कडक ऊन यांच्या वाटेला जाऊ नका. वरचा भाग करपतो, आतला ओला राहतो आणि ओरिएंटलचा नाजूक सुगंध सगळ्यात आधी उडून जातो.

तुलना करायच्या दोन्ही नमुन्यांचा ओलावा सारखा हवा. जुनी डबी 10 टक्क्यांवर आणि नवी 18 वर असताना केलेली तुलना म्हणजे भाजलेल्या आणि कच्च्या शेंगदाण्याची तुलना.

पाईप

सुगंधी तंबाखू ओढलेला पाईप इथे चालणार नाही. चेरी किंवा व्हॅनिलाचा मुरलेला वास कित्येक महिने जात नाही. पारखीसाठी सगळ्यात प्रामाणिक साधन म्हणजे मातीचा साधा पाईप: स्वतःची चव देत नाही, धुऊन पुन्हा वापरता येतो. दोष एवढाच की तो भयंकर तापतो, म्हणून दांडीला धरावं. मक्याच्या कणसाचा पाईप स्वस्त पडतो, पण पहिल्या काही वेळा कणसाची गोडी मिसळते, ती आधी घालवून घ्या. ब्रायर लाकडाचा वापरायचा तर आतून 18 ते 20 मिलिमीटर रुंद आणि 30 ते 35 खोल असा, आणि फक्त लटाकियाच्या मिश्रणांसाठी वेगळा काढलेला.

जुना वास काढायचा असेल तर पाईपच्या भांड्यात, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागात, कापूस भरून त्यावर ड्रॉपरने पिण्यायोग्य, बिनसुगंधी, कडक मद्य टाका, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी कापूस काढून दोन-तीन दिवस वाळू द्या. दवाखान्यातलं किंवा रंगकामाचं स्पिरिट वापरू नका. त्यात विषारी भेसळ असते आणि लाकूड ते धरून ठेवतं. मीठ भरण्याची पद्धत जुनी आहे, पण मिठाने लाकूड तडकल्याची उदाहरणं आहेत.

भरणं, पेटवणं, ओढणं

चिलमीसारखं एकदम ठासू नका, आणि तळहातावर मळूही नका. दोन ग्रॅम पान तीन चिमटींत भरा. पहिली फक्त वरून पडू द्यायची. दुसरी बोटाने हलकी दाबायची. तिसरी थोडी जास्त. मग न पेटवता ओढून पाहा: नळीतून पाणी ओढताना लागतो तेवढाच अडसर लागावा. घट्ट वाटलं तर उपसून पुन्हा भरा. टोचून मोकळं केलेलं भरण मध्येच विझतं.

न पेटवता घेतलेले हे दोन-चार झुरके वाया जाऊ देऊ नका. याला थंड चव म्हणतात. इथे अजून धूर नसतो, त्यामुळे व्हर्जिनियाची गवतासारखी गोडी आणि ओरिएंटलचा आंबटपणा स्वच्छ कळतो. नोंद करा.

पेटवायला काडीच घ्या. गुलाचा गंधक जळून जाऊ द्या, मगच ज्योत पानाजवळ न्या. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या पाच मिनिटांची चव मारतो. पहिल्या पेटवण्यात पान फुगून वर येतं. टॅम्परने (पान दाबायच्या छोट्या दांडीने) अलगद सपाट करा आणि दुसऱ्यांदा पेटवा.

आता घाई नको. दोन ग्रॅमचं भरण 40 ते 50 मिनिटं चाललं पाहिजे. मध्ये विझलं तर खुशाल पुन्हा पेटवा, त्यात कमीपणा नाही; विझू नये म्हणून भराभर ओढणं हेच जीभ पोळण्याचं पहिलं कारण. पाईपचं भांडं गालाला लावून पाहा: चटका बसतो म्हणजे वेग जास्त आहे, खाली ठेवा.

धूर तोंडात फिरवायचा, गिळायचा नाही, छातीत घ्यायचा नाही. अनुभव आला की तोंडातल्या धुराचा छोटासा भाग टाळूच्या मागून नाकावाटे बाहेर सोडता येतो. स्वाद बराचसा नाकात असतो आणि येनिजेसारखं पान तिथेच उलगडतं. मात्र सुरुवातीला दहा झुरक्यांत एकदा पुरे.

घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं, गरगरलं तर लगेच थांबा, बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. हा निकोटिनचा परिणाम आहे. उपाशीपोटी बसल्यास तो हमखास होतो, म्हणून जेवणानंतर तासाभराने बसावं. त्या जेवणात ठेचा किंवा कच्चा कांदा नसावा. मसाला चहाही नको. मध्ये साधं पाणी आणि भाकरीचा कोरडा तुकडा.

चव शब्दांत पकडणं

परदेशी परीक्षणांतले शब्द उचलू नका. ज्याने कधी कॅम्पफायर केली नाही त्याच्या वहीत तो शब्द पोकळच राहणार. आपल्या नाकाला ओळखीचे वास भरपूर आहेत. लटाकियासाठी: चुलीवरचं काळवंडलेलं आढं, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, ऊद, नवी चामडी चप्पल. व्हर्जिनियासाठी: वाळलेला कडबा, गुऱ्हाळातली काकवी, मनुका, भाजलेल्या पोळीची कड. ओरिएंटलसाठी: आमसुलाचा आंबटपणा, भाजलेले धणे, देवघरातला जुना लाकडी पाट, सुकं अंजीर. कोल्हापूर-निपाणीकडे विडी तंबाखूच्या वखारीचा वास ओळखीचा असलेल्यांना एक फायदा आहे: त्या उग्र, मातकट वासाशी ताडून व्हर्जिनियाचा सौम्य गोडवा चटकन वेगळा काढता येतो.

नोंद तीन टप्प्यांत करा: पहिला तृतीयांश, मधला, शेवटचा. चांगल्या बाल्कन धाटणीच्या, म्हणजे लटाकिया आणि ओरिएंटलवर भर असलेल्या मिश्रणात सुरुवातीला आंबट-सुगंधी ओरिएंटल पुढे असतो, मध्यावर लटाकियाची साय जमते, शेवटी व्हर्जिनियाची गोडी खालून वर येते. तिन्ही टप्प्यांत एकच धुरकट सूर लागला, तर लटाकिया प्रमाणाबाहेर आहे किंवा बाकीची पानं दुबळी आहेत. शेवटी चव राखेसारखी कडू झाली, तर आधी ओलावा तपासा. तळाशी ओला गोळा उरला असेल तर तुम्ही मिश्रणाला नव्हे, वाफेला चाखलंय.

गुण द्यायचेच असतील तर एकत्र आकडा देऊ नका. डबीतला वास, पानांचा समतोल, टप्प्यांगणिक बदल, जिभेशी वागणूक आणि राखेची प्रत यांना वेगवेगळं मोजा. आणि एका भरणावर कधीच निकाल देऊ नका. निदान पाच भरणं, पाच वेगळ्या दिवशी.

जुन्याशी तुलना

इथे वयाचा घोळ समजून घ्या. बंद डबीत पान मुरत राहतं. व्हर्जिनिया पहिल्या काही वर्षांत गोड आणि गोल होतं. लटाकियाचा धूर मात्र वर्षांगणिक मवाळ होत जातो. 1980 च्या दशकातली डबी आज उघडली, तर तिच्यातला लटाकिया त्या काळच्या गिऱ्हाइकाला लागायचा तसा उरलेला नसतो. म्हणजे जुनी डबी हीसुद्धा ‘मूळ चव’ नव्हेच. ती मूळ चवीचं म्हातारपण आहे. ताज्या डबीशी तिची गाठ घालून नव्या बनवणाऱ्याला नापास करणं चूक.

तरीही तुलना करायची असेल तर नाव झाकून करा. तीन सारखे, स्वच्छ मातीचे पाईप घ्या. दुसऱ्या कुणाला तरी दोनांत एक मिश्रण आणि तिसऱ्यात दुसरं भरायला सांगा, प्रत्येकी दीड ग्रॅम, सारख्या ओलाव्याचं. कोणत्या पाईपमध्ये काय आहे हे त्यानेच चिठ्ठीवर लिहून ठेवावं. तुम्ही प्रत्येक पाईप फक्त दहा मिनिटं ओढायचा, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि वेगळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच. म्हणून पाच वेगळ्या दिवशी करा. पाचांत चार किंवा पाच वेळा बरोबर आलं तर फरक खरा धरायला हरकत नाही. केवळ नशिबाने असं होण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. दोन-तीनदाच आलं, तर ‘पूर्वीची सर नाही’ हे वाक्य वहीत लिहू नका.

फरक खरा निघाला की मगच तो कसला आहे ते शोधा. नव्यात धूर जास्त आणि आंबटपणा कमी असेल तर बहुतेक लटाकियाचा प्रकार आणि वय. तोंडात तीक्ष्ण, कच्ची गोडी लागत असेल तर न मुरलेलं व्हर्जिनिया. सुगंधी आंबट बाजूच हरवली असेल तर ओरिएंटल कमी पडलंय किंवा तुमच्याकडून जास्त वाळलंय. यातलं दुसरं आधी तपासा.

उरलेली डबी

उघडलेली डबी तशीच ठेवू नका. घट्ट रबरी कडेची काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, तीन-चतुर्थांश भरा, मिश्रणाचं नाव, बॅच, उघडल्याची तारीख आणि वजन लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. फ्रिज नको. पान ओलं राहावं म्हणून सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकण्याचा सल्ला ऐकू नका, आपल्या हवेत आठवड्याभरात बुरशी धरते. शक्य असेल तर 50 ग्रॅमपैकी 20 ग्रॅम वेगळ्या छोट्या बरणीत बंद करा आणि वर्षभर हात लावू नका. वर्षाने तोच पाईप, तोच ओलावा, त्याच पाच रकान्यांची वही घेऊन बसा, आणि वहीतलं पहिल्या वर्षीच्या नोंदींचं पान दुसऱ्या कुणीतरी झाकून धरावं.